रावेर ते प्रकाशा: क्रूची वही आणि तिसऱ्या दिवशी वाढलेलं दीड किलो

प्रकरण असं आहे. चोपड्याकडचे एक झेडपी शिक्षक, वय पंचेचाळीसच्या आसपास, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांनी डिसेंबरात रावेरहून निघून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडने सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा करत प्रकाशाला तापीवर पळत पोचायचं ठरवलं. साधारण दोनशे किलोमीटर, पाच दिवस. पहिला दिवस यावल, दुसरा चोपडा, तिसरा शिरपूर, चौथा शहादा, आणि पाचव्या दिवशी सकाळी उरलेले पंधरा-एक किलोमीटर पळून संगमेश्वराचं दर्शन. रोजचं अंतर मॅरेथॉनएवढं किंवा त्याच्या वर, तेही सलग. तिसऱ्या दिवशी शिरपूरच्या अलीकडे हे सगळं थांबलं. ते का थांबलं आणि क्रूने, म्हणजे पळणाऱ्याला रस्त्यात सांभाळणाऱ्या माणसांनी, तेव्हा काय केलं ते नीट लिहून ठेवतोय, कारण आपल्याकडे आता पळणारी पोरं खूप वाढलीत पण क्रू म्हणजे काय हे कोणी सांगत नाही, मागे गाडी घेऊन हॉर्न वाजवत फिरणारे चार मित्र म्हणजे क्रू असंच अजून चाललंय.

क्रूमध्ये पाच जण. नानांची बायको म्हणजे आमच्या वहिनी. नानांची चुलत बहीण, जी स्टाफ नर्स आहे, तिला सगळे ताई म्हणतात. मामा, ज्यांचं आयुष्य चैत्रात वणीच्या गडावर जाणाऱ्या पदयात्रेची पाण्याची गाडी सांभाळण्यात गेलंय. नानांचा पुतण्या सायकलवर. आणि मी, बोलेरो पिकअप चालवायला. गाडी नानांच्या मागे रांगत ठेवायची नाही हे आधीच ठरलं होतं, कारण त्या रोडला उसाच्या डबल ट्रॉल्या आणि केळीचे ट्रक सारखे चालू असतात, हळू चालणारी गाडी म्हणजे मागून ठोकर खायला निमंत्रणच. म्हणून गाडी दोन-अडीच किलोमीटर पुढे जाऊन थांबायची, नाना आले की भरायचं काय ते भरायचं, परत पुढे. नाना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उजव्या कडेने, सातपुडा सगळा वेळ उजव्या हाताला. अंधारात रिफ्लेक्टरचं जॅकेट आणि पुतण्याच्या सायकलला मागे लाल लाईट.

आता वही. ताईने पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं की माझ्याकडे एक वही राहील आणि त्यात दर तासाला काय प्यायलं, काय खाल्लं, लघवीला कधी गेले, वजन किती, हे लिहिलं जाईल, आणि क्रूमध्ये शेवटचा शब्द माझा. याच्यावर थोडी कुरबुर झाली कारण मामा वयाने मोठे, वहिनी तर घरच्याच. पण मला विचाराल तर अख्ख्या तयारीतला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता. ज्याला पळणाऱ्याचा फार जीव लागलेला असतो त्याला "बस, आता थांबा" म्हणता येत नाही, किंवा उलट पहिल्याच लंगडण्याला तो घाबरून थांबवतो.

वजनाचा काटा घरचाच, बाथरूममधला, पण रस्त्याच्या कडेला मुरूमावर ठेवला की तो काहीही दाखवतो म्हणून खाली ठेवायला प्लायवूडचा चौकोनी तुकडा कापून घेतला होता. रोज तेच कपडे, बूट काढून, खिसे रिकामे. निघताना रावेरला ६२.४ किलो. पहिल्या दिवशी यावलला पोचल्यावर ६१.३. दुसऱ्या दिवशी चोपड्याला ६१.६. हे सगळं चांगलंच म्हणायचं, लांब पळताना एक-दोन टक्के वजन उतरणं अगदी नॉर्मल आहे, ते लगेच भरून काढायच्या मागे लागायचं नसतं.

खाण्याचं पण छान जमलं होतं. रावेर-यावलचा पट्टा म्हणजे केळीचं माहेर, जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय मानांकन मिळालंय, आणि पळताना एका मध्यम केळात पंचवीसेक ग्रॅम कार्ब मिळतात, पोटाला जड नाही, सोलायला सोपं. तासाला तीस ते साठ ग्रॅम कार्ब गेले पाहिजेत असा साधा हिशोब, तो केळी, गूळ-शेंगदाणे आणि दुपारी पातळ खिचडीवर बसत होता. फक्त एक गोष्ट ताई सारखी बोलायची, की केळात पोटॅशियम आहे, सोडियम जवळजवळ नाहीच, म्हणून केळी खाल्ली म्हणजे घामातून गेलेलं मीठ भरून निघालं असं समजू नका. तेव्हा आम्ही हो हो म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं ती का बोलत होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला चोपड्याहून निघालो. थंडी कडक, तोंडातून वाफ. सकाळचं वजन ६२.०. अनेर नदी ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणजे आम्हाला ठीक वाटत होतं. त्या पट्ट्यात नानांची ओळख भरपूर, शाळेमुळे, आणि व्हॉट्सॲपवर बातमी आधीच फिरलेली, त्यामुळे दर गावाच्या फाट्यावर माणसं उभी. कोणी हार घेऊन, कोणी लिंबू सरबत, कोणी उसाचा रस, कोणी नुसता तांब्या. "कथा पयी राह्यनात नाना, ल्या, पानी पी ल्या." (कुठे पळताय नाना, घ्या, पाणी पिऊन घ्या.) आपल्याकडे रस्त्याने चालत जाणाऱ्याला पाणी देणं हे पुण्याचं काम, आणि देणाऱ्याच्या हातचं परत करणं म्हणजे अपमान. नाना प्रत्येकाकडे थांबले, प्रत्येकाचं प्यायले. गाडी तेव्हा दोन किलोमीटर पुढे.

अकराच्या सुमारास, शिरपूर अजून चौदा-एक किलोमीटर असताना, नाना गाडीपाशी आले ते चालतच. मळमळतंय म्हणाले, डोकं दुखतंय म्हणाले, आणि बाकी काही विचारलं तर हं, नाही, एवढंच. मामांनी लगेच ओळखलं असं त्यांना वाटलं: ऊन लागलंय, पाणी कमी पडलंय, आणा ग्लुकोज, पाजा एक बाटली. खरं सांगायचं तर मला पण तेच वाटलं असतं, कोणालाही तेच वाटेल.

वहिनींचं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. नानांच्या हातातलं घड्याळ. पट्टा रोजच्याच भोकात होता पण मनगटात रुतला होता, काढल्यावर खाली पांढरा खोलगट वळ, पट्ट्याच्या विणीचे चौकोन सुद्धा कातडीवर उमटलेले, आणि बोटातली अंगठी फिरेना. "अहो, हात बघा तुमचे," एवढंच त्या म्हणाल्या. ताईने बाटली मामांच्या हातातून घेऊन खाली ठेवली आणि आधी काटा काढायला सांगितला.

६३.९. सकाळपेक्षा जवळजवळ दोन किलो जास्त, रावेरच्या वजनापेक्षा दीड किलो जास्त. सहा तास पळून माणसाचं वजन वाढलं.

मामा म्हणाले काटा बिघडला. तिथेच बाजूच्या बागेत केळीची कापणी चालू होती, बांधावर घड मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्या लोकांना विचारून नानांना त्याच्यावर उभं केलं. फरक शंभर ग्रॅमचा. मग मामा काही बोलले नाहीत.

वहीप्रमाणे सकाळपासून तीन लिटर, म्हणजे तासाला पाचशेच्या आत. हे बरोबर होतं. मग ताईने पुतण्याला विचारलं की काका रस्त्यात काय काय प्यायले ते आठवून सांग, आणि तो एकेक गाव घेऊन सांगायला लागला तसा हिशोब अजून दोन लिटरपर्यंत गेला, सगळा साधं पाणी आणि गोड सरबत. नानांचा घाम किती जातो हे सरावात काढलेलं होतं, एक तास पळायच्या आधी आणि नंतर वजन करून, मधे प्यायलेलं त्यात मिळवून. थंडीत आणि त्यांच्या सावकाश वेगाला तो तासाला साडेचारशे मिलीच्या आसपास. म्हणजे घामातून गेलं पावणेतीन लिटर, पोटात गेलं पाच आणि वर खाणं. लघवीला सकाळपासून एकदा. उरलेलं पाणी कुठे जाणार, अंगातच.

याला एक्सरसाइज असोसिएटेड हायपोनेट्रेमिया म्हणतात, ईएएच. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलच्या मधे असायला पाहिजे, पाणी जास्त झालं की ते पातळ होऊन खाली येतं, आणि फार खाली गेलं की मेंदूला सूज, झटके, जीव जाण्यापर्यंत जाऊ शकतं. दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स यांनी ऐंशीच्या दशकात कॉम्रेड्ससारख्या लांब शर्यतींमधल्या केसेस पहिल्यांदा नीट मांडल्या, तरी त्यानंतरही कित्येक वर्षं पळणाऱ्याला सर्रास सल्ला मिळायचा की जमेल तेवढं पीत राहा. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनला ४८८ धावणाऱ्यांचं रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यात वजन वाढलेले आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणारे जास्त होते. हे नीट लक्षात घ्या, जोरात पळणाऱ्यापेक्षा सावकाश पळणाऱ्याला धोका जास्त, कारण त्याला घाम कमी आणि प्यायला वेळ भरपूर. कित्येक दिवसांच्या पळण्यात आपण सगळे सावकाशच असतो.

दुसरं एक कारण निघालं ते गोळीचं. आदल्या रात्री गुडघा दुखत होता म्हणून मुक्कामाच्या घरी कोणीतरी इबुप्रोफेन दिली, नानांनी एक रात्री घेतली, एक पहाटे, आणि कोणाला सांगितलं नाही कारण त्यांना ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नाही. तासन्‌तास पळताना अंगावर ताण असतो, तेव्हा शरीर एडीएच नावाचं हार्मोन सोडून पाणी धरून ठेवतं, म्हणून जास्तीचं प्यायलेलं नेहमीसारखं लघवीवाटे निघून जात नाही, आणि ही गोळी त्यात भर घालते, वर किडनीवर लोड येतो तो वेगळाच. गुडघ्याचं मूळ म्हणाल तर रस्त्याच्या कडेचा उतार, दोन दिवस एकाच बाजूने पळलं की एक पाय कायम खाली पडतो. त्याला गोळीपेक्षा ट्रॅफिक नसलेल्या तुकड्यात सपाट मधल्या भागात येणं, पट्टी आणि थोडं चालणं बरं.

आता पुढचा अर्धा तास. तिथे जमलेल्या दहा-बारा लोकांचं एकच म्हणणं: जवळच्या डॉक्टरकडे न्या आणि सलाईन लावा. आपल्या भागात सलाईन म्हणजे सगळ्यावर औषध, लावलं की घरच्यांना पण बरं वाटतं. ताईने ठाम नकार दिला. तिचं म्हणणं सोपं होतं, सोडियम किती हे कळल्याशिवाय साधं सलाईन देणं म्हणजे ज्या माणसाच्या अंगात पाणी जास्त झालंय त्याला अजून पाणी देणं, आणि ईएएच जोरात असेल तर त्याला दवाखान्यात तीन टक्क्यांचं जाड मिठाचं सलाईन लागतं, ते वेगळं. तिने नानांना नाव, गाव, आजचा वार, समोर कोण उभं आहे हे विचारलं, सगळं बरोबर आलं. उलटी नाही, तोल ठीक. म्हणून तिने किटमधले सूपचे खारट क्यूब काढले, थर्मासमधल्या अर्ध्या कप गरम पाण्यात चार क्यूब घोळले आणि घोट-घोट दिलं. पाणी बंद. नाना गोंधळल्यासारखे बोलले असते किंवा उलट्या झाल्या असत्या तर तेवढा वेळ पण न घालवता थेट आयसीयू असलेल्या दवाखान्यात न्यायचं हे तिने तिथेच आम्हाला सांगून ठेवलं.

निघायच्या आधी पुतण्याने किलोमीटरच्या दगडापासून मोजून एक खुंटी ठोकली, फोटो काढला, लोकेशन सेव्ह केलं. ही पद्धत अमेरिकेतल्या बॅडवॉटरची, डेथ व्हॅलीतली १३५ मैलांची शर्यत, म्हणजे २१७ किलोमीटर, जिथे स्वतःचा क्रू असल्याशिवाय उतरूच देत नाहीत. तिथे धावणाऱ्याला कोर्सवरून बाहेर जावं लागलं तर तो आपल्या नंबरची खुंटी ठोकायचा आणि परत सुरू करायचं ते तिथूनच. नाना गाडीत बसायला तयार झाले ते त्या खुंटीमुळे, हे मी डोळ्याने बघितलंय. तोवर ते "चालत जातो पण गाडी नको" यावर अडून होते.

शिरपूरला रक्त तपासलं, सोडियम १३१. डॉक्टरांनी ताईची वही पूर्ण वाचली, सलाईन लावलं नाही, पाणी बंद ठेवून नजरेखाली ठेवलं. संध्याकाळपासून लघवी सुरू झाली ती रात्रभर. सकाळी सोडियम १३८, वजन ६१.९, अंगठी सैल. तो पूर्ण दिवस आराम, शिवाय गोळी कुठलीच नाही. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे खुंटीवर परत गेलो, त्या दिवशी शिरपूर ओलांडून पंचवीसेक किलोमीटर पुढे थांबलो, आणि शेवटच्या दिवशी शहादा करून दुपारी प्रकाशाला. पाचाचे सहा दिवस झाले.

मधल्या आरामाच्या दिवशी क्रूने जे बदललं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लोकांचं पाणी नाकारायचं कसं हा खरा प्रश्न होता. तो वहिनींनी सोडवला. गाव आलं की गाडी फाट्यावरच थांबायची, वहिनी आधी उतरून लोकांना भेटायच्या, हात जोडायच्या, आणि तांब्या स्वतः घ्यायच्या. "त्यांना डॉक्टरांनी मोजून दिलंय, त्यांच्या नावाने मी घेते." एकाही माणसाला वाईट वाटलं नाही. उलट लोक विचारायला लागले की मग त्यांना काय चालेल, आणि एका आजींनी घरातून खारवलेले शेंगदाणे आणून दिले, ते नानांनी खाल्ले पण. पुतण्याच्या सायकलला छोटी डायरी लागली, गाडीपासून लांब असताना तोंडात जे जाईल ते तिथे. ओआरएस ठेवलं पण मर्यादेत, कारण डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात सुद्धा लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं, रक्ताच्या जवळपास निम्मं, म्हणजे ओआरएस पण भसाभसा प्यायलं तर रक्त पातळच होणार. आणि तहान लागली तरच प्यायचं, घड्याळ बघून नाही.

मामांबद्दल लिहिलंच पाहिजे. पदयात्रेत त्यांनी जे शिकलंय ते चुकीचं नाही. चैत्रात बेचाळीस डिग्रीत, डांबर तापलेलं, म्हातारी माणसं डोक्यावर पदर घेऊन गडाकडे चाललेली, तिथे पाण्याची गाडी दर दोन किलोमीटरला हवीच आणि प्रत्येकाला आग्रह करून पाजावंच लागतं, तिथे त्यांनी कित्येकांना उष्माघातापासून वाचवलंय. डिसेंबरची पहाट, सावकाश पळणारा एक माणूस आणि रस्ताभर सरबत, ही वेगळी परिस्थिती आहे. पुढचे दोन दिवस तळपायाचे फोड, टेपिंग, सॉक्स बदलणं, सूज आली म्हणून एक साइझ मोठे बूट काढून देणं हे सगळं मामांनीच केलं आणि असं केलं की मी कुठल्या फिजिओला तसं करताना बघितलेलं नाही. फोड व्हायच्या आधी जिथे कातडी गरम लागते ती जागा ते नुसता अंगठा फिरवून ओळखतात.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. ताईचं म्हणणं, १३१ आल्यावर पळणं तिथेच संपवायला पाहिजे होतं, दुसऱ्या दिवशी नॉर्मल आलं तरी, कारण घरी जाऊन परत येता येतं. नानांचं म्हणणं, कारण सापडलं होतं, कारण काढून टाकलं होतं, डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. मी नानांच्या बाजूने आहे पण एका अटीवर: वजन खाली आलं नसतं किंवा सकाळचा रिपोर्ट १३५ च्या खाली असता तर खुंटी उपटून घरी, चर्चा नाही. ताई म्हणते अशी अट आधी कागदावर पाहिजे, दवाखान्याच्या बाकावर बसून ठरवायची नाही, आणि हे मात्र तिचं बरोबर आहे. नाना आता शहादा ते तोरणमाळ घाटाने चढायचं म्हणतायत. ताईने होकार द्यायच्या आधी कधी थांबायचं ते लिहून मागितलंय, नानांची सही आणि वहिनींची पण.